वाट दाखवणारी माणसे

जळगावला आमच्याकडे बाहेरगावचा पाहुणा आला, की दुसऱ्या दिवशीचा बेत ठरलेला असतो. सकाळी लवकर उठायचे, डबा बरोबर घ्यायचा आणि अजिंठ्याची लेणी पाहायला जायचे. लेणी साठ किलोमीटरवर आहेत. संध्याकाळी परत येता येते. पाहुणा खूश होतो, आपणही खूश होतो. मग तो विचारतो, "तुमच्याकडे आणखी काय पाहण्यासारखे आहे?" आपण जरा विचारात पडतो. "आमचा खानदेश तसा उन्हाचा मुलूख!" असे म्हणून आपण त्याला झणझणीत शेवभाजी खाऊ घालतो आणि गाडीत बसवून देतो.

खरे पाहता जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. तापीकाठी जुने किल्ले आहेत, सातपुड्याच्या पायथ्याशी गरम पाण्याचे झरे आहेत, जंगलात लेणी आणि मंदिरे आहेत. फक्त तिथे पाट्या नाहीत. हॉटेल नाही. एस.टी. दिवसातून दोनदा येते आणि तीही कधी कधी येत नाही. हल्ली मोबाइलवर नकाशा दिसतो, हे खरे. पण ओढ्याला पाणी किती आहे, कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, कोणाच्या शेतातून गेले तर चालते, हे नकाशाला कुठून कळणार? ते गावातल्या माणसालाच माहीत असते. गेली अनेक वर्षे मी सुट्टीच्या दिवशी अशा ठिकाणी हिंडतो आहे. मी जे काही पाहिले, ते या माणसांनी दाखवले म्हणून पाहिले.

ही गोष्ट काही नवी नाही. अजिंठ्याचेच उदाहरण घ्या. १८१९ सालच्या एप्रिल महिन्यात जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी त्या डोंगरात आला होता. तिथे त्याला लेणी दिसली. गावच्या एका मुलाने त्याला वाट दाखवली, असे सांगतात. स्मिथने दहाव्या लेण्यात आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. इतक्या सुंदर चित्रावर नाव कोरणे ही काही चांगली गोष्ट नव्हे, पण ते नाव आजही तिथे आहे. त्या मुलाचे नाव मात्र कुठेच नाही.

त्याच्याही दोनशे वर्षे आधी युरोपातले प्रवासी खानदेशातून जात असत. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा मोठा रस्ता आपल्या भागातूनच जात होता. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीर बादशहाला भेटायला निघाला, तो नंदुरबार, थाळनेर, चोपडा या वाटेनेच बुऱ्हाणपूरला पोहोचला. पुढे ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या याच रस्त्याने गेला. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा सुगंध येतो, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. हा तांदूळ त्याला कोणी रांधून वाढला, गाडीचे बैल कोणी हाकले, नदीचा उतार कोणी दाखवला, ते मात्र त्याने लिहिले नाही. त्यांच्यासाठी तर खानदेश म्हणजे आडवाटेचा परका देश. वाटाड्या नसता, तर ते सुरतेच्या वेशीबाहेरही फार लांब गेले नसते!

म्हणून मी एक छोटी वही खिशात ठेवतो. ज्याने वाट दाखवली, त्याचे नाव आणि गाव मी त्या वहीत लिहितो. एकदा मी असाच वही काढून नाव विचारू लागलो, तेव्हा एक नावाडी एकदम मागे सरकला. "भाऊ, नाव कशाला लिहिता? पंचनामा करायचा आहे का?" तेव्हापासून मी आधी चहा घेतो आणि मग वही काढतो. छापायला मात्र बहुतेकांनी नकार दिला, म्हणून इथे मी कोणाचेच नाव देत नाही.

वाट विचारण्याचीही एक रीत असते. आमच्याकडे धुळ्याच्या बाजूला अहिराणी बोलतात. तिकडे गावात शिरलात, की पारावर बसलेला म्हातारा आधी तुम्हालाच विचारतो, "कथा चालनात भाऊ?" म्हणजे कुठे निघालात? या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यावे. गाव सांगावे, काम सांगावे, थोडे बसावे. मग तो हात लांब करून म्हणतो, "तठे!" म्हणजे तिथे. हा 'तठे' फार नीट ऐकावा लागतो. तो तुटकपणे उच्चारला, तर ठिकाण पाच मिनिटांवर असते. "तठेऽऽऽ" असा लांबवला, तर पाण्याची बाटली भरून घ्यावी.

थाळनेरला मी पहिल्यांदा गेलो तो हिवाळ्याचा दिवस होता. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने शिरपूर आणि तिथून काळीपिवळीने थाळनेर. गाडीत माझ्या मांडीवर एक कोंबडी होती. तिची मालकीण पुढे बसली होती. तापीच्या काठावरचे हे गाव आज शांत आहे. पण एके काळी ते खानदेशची राजधानी होते. १३७० साली दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक याने हा मुलूख मलिक राजा फारुकी याला दिला. त्याने थाळनेरला आपले ठाणे केले. त्याचा मुलगा नसीरखान याने पुढे असीरगडचा किल्ला घेतला आणि तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवले. सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावावरून त्या शहराला हे नाव मिळाले. १६०१ साली अकबराने असीरगड घेईपर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, फारुकी सुलतानांनी खानदेशावर राज्य केले.

हे सगळे मी पुस्तकात वाचले होते. पण गाडीतून उतरल्यावर कबरी कुठे आहेत, हेच मला कळेना. चहाच्या टपरीवर एक वृद्ध चाचा बसले होते. त्यांनी माझी चौकशी केली, कपातला चहा संपवला आणि काठी घेऊन उठले. "चलो, मैं दिखाता हूँ," असे म्हणून ते पुढे चालू लागले. वाटेत त्यांनी एका घरासमोर थांबून हाक मारली. आतून त्यांची नात आली. ती गावातल्या उर्दू शाळेत आठवीत शिकत होती. चाचा म्हणाले, "हिला बरोबर घेऊ. माझी नजर आता कमी झाली. अक्षरं हीच वाचेल."

घुमट असलेल्या त्या जुन्या इमारती पाहून मी थक्क झालो. त्यांतली एक अष्टकोनी आहे, म्हणजे तिला आठ बाजू आहेत. तिच्या दगडावरची नक्षी इतकी नाजूक आहे, की दगड आहे की कापडावरचे भरतकाम, असा प्रश्न पडावा. काही दगडांवर अक्षरे कोरलेली आहेत. मी त्यांच्यासमोर अगदी निरक्षर होतो. ती मुलगी मात्र जवळ गेली, ओढणीच्या टोकाने तिने दगडावरची धूळ झटकली आणि बोट फिरवत म्हणू लागली, "हा मीम... हा लाम... हा अलिफ." थोड्या वेळाने ती थांबली. "सर, ही भाषा अरबी आहे, उर्दू नाही. अक्षरं ओळखीची आहेत, पण शब्द अनोळखी आहेत." तिने वहीत ती अक्षरे जशीच्या तशी उतरवून घेतली आणि शाळेतल्या शिक्षकांना विचारीन, असे म्हणाली. मी तिला म्हटले, "यांत सुलतानांची नावे आहेत, असे पुस्तकात लिहिले आहे." त्यावर तिने विचारले, "आणि ज्यांनी हा दगड कोरला, त्यांचं नाव कुठे आहे?"

मी त्या आठही बाजूंनी फिरून पाहिले. या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. चाचा हसून म्हणाले, "ही घरातही असंच विचारते. हिला गप्प करायचं तर उत्तर द्यावं लागतं."

दुपारी चाचांच्या घरीच जेवण झाले. ज्वारीची गरम भाकरी, वांग्याचे भरीत आणि कांद्याची पात. खानदेशातले भरीत हिवाळ्यातच खावे. वांगी काट्यांच्या जाळावर भाजतात, त्यामुळे त्याला धुराचा एक वेगळाच स्वाद असतो. निघताना मी खिशात हात घातला, तशी चाचांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मी हात तसाच बाहेर काढला. याबाबत आता माझे मत पक्के आहे. ज्याची होडी वापरली त्याला भाडे द्यावे, ज्याचा दिवस मोडला त्याला मजुरी द्यावी आणि ती त्याने 'नको नको' म्हटले तरी द्यावी. जेवणाचे पैसे मात्र कधी विचारू नयेत.

संध्याकाळी चाचांनी मला नदीवर एका भोई नानांच्या ताब्यात दिले. किल्ला पाहायचा तर तो नदीतून पाहा, असे त्यांचे म्हणणे. नानांची होडी लहान होती. त्यांनी मला मधोमध बसवले आणि हलू नका म्हणून सांगितले. होडी थोडी आत गेली आणि मग मागे वळून पाहिले, तर उंच काठावर पडक्या तटाच्या भिंती उन्हात लाल दिसत होत्या. याच किल्ल्यावर १८१८ साली सर टॉमस हिस्लॉपच्या इंग्रजी फौजेने हल्ला केला होता. किल्ला पडल्यावर इंग्रजांनी किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी दिले. मी ही हकीकत नानांना सांगितली. ते वल्हे धरून ऐकत राहिले. मग पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इथे खाली मोठा खडक आहे. दिसत नाही. माझ्या बापाने मला दाखवला, मी पोराला दाखवला." आणि त्यांनी होडी बाजूने काढली. मी पुष्कळ निरखून पाहिले. मला नुसते पाणीच दिसले.

थाळनेरच्या त्या मुलीचा प्रश्न माझ्या मनात राहिला. त्याचे उत्तर मला पुढच्या वर्षी, अगदी वेगळ्या दिशेला सापडले.

जळगाव जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला चाळीसगाव आहे. तिथून सुमारे अठरा किलोमीटरवर डोंगराच्या कुशीत पाटण नावाचे ठिकाण आहे. पाटणादेवीचे जुने दगडी मंदिर तिथे आहे. भोवती गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचे जंगल आहे. गणित शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने या ठिकाणी एकदा तरी जावे, असे मला वाटते. थोर गणिती भास्कराचार्य यांचा जन्म १११४ सालचा. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला एक मठ, म्हणजे त्या काळची शाळा, स्थापन केला. त्या मठाला १२०७ साली दान मिळाले. ते दान सांगणारा शिलालेख पाटणला सापडला आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आणला. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण शेवटी काही मजकूर जुन्या मराठीत आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या ग्रंथाचे १५८७ साली अकबर बादशहाच्या दरबारातील कवी फैजी याने फारसीत भाषांतर केले. खानदेशच्या डोंगरात ज्या विद्येसाठी शाळा काढली, ती बादशहाच्या दरबारात फारसी बोलू लागली!

पाटणला आम्ही दोघे होतो, मी आणि माझा एक मित्र. आमचे वाटाडे होते तिथल्या वस्तीवरचे एक आबा. त्यांचे सारे आयुष्य गुरे राखण्यात गेले होते. आम्हाला पितळखोऱ्याची लेणी पाहायची होती. ही लेणी डोंगरापलीकडे कन्नड तालुक्यात येतात. मोटारीने जाणारे लोक वरच्या बाजूने जातात. पण आम्हाला खानदेशच्या बाजूने, दरीतून चढून जायचे होते. वनखात्याच्या चौकीत नोंद केली आणि निघणार, तेवढ्यात आबा माझ्या मित्राजवळ आले आणि त्यांनी हवेत वास घेतला.

"भाऊ, अत्तर लावलं आहे का?"

मित्राला अत्तराची भारी आवड. त्याने अभिमानाने मनगट पुढे केले. आबा म्हणाले, "फार छान आहे. आता ते साबणाने धुऊन या. अंगातला शर्टही बदला." मित्राला वाटले, आबा थट्टा करत आहेत. पण आबांनी खांद्यावरची घोंगडी खाली ठेवली आणि ते तिथेच बसले. "वर कड्याला आग्या मोहोळं आहेत. वासाने माश्या उठतात. एक उठली, की सगळ्या उठतात. दरीत पळायला जागा नाही. तुम्ही धुतलं तर मी येतो, नाही तर मी गुरांकडे जातो."

मित्र मुकाट्याने हौदावर गेला. दोनदा साबण लावून आला. आबांनी पुन्हा वास घेतला आणि मगच उठले. विडी ओढायची नाही, मोठ्याने बोलायचे नाही, खडा मारायचा नाही, हे तीन नियम त्यांनी चालता चालता सांगितले. वर पोहोचल्यावर त्यांनी हाताने खूण केली. कड्याच्या पोटाला काळीभोर पोळी लटकत होती. एकेक पोळे सुपाएवढे. त्यांच्यावर एक लाट आल्यासारखी हालचाल होत होती. आम्ही श्वास धरून खालून पुढे गेलो. मित्राने आयुष्यात पहिल्यांदा अर्धा तास मौन पाळले, असे मी त्याला पुढे अनेकदा ऐकवले आहे.

पितळखोऱ्याची बौद्ध लेणी दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. दगडात कोरलेले हत्ती आहेत, घोडे आहेत. पुष्कळ भाग पडून गेला आहे. पुरातत्त्व खात्याने इथला ढिगारा उपसला, तेव्हा त्यात एका यक्षाची मूर्ती मिळाली. बुटका, गोल पोटाचा, अगदी मनापासून हसणारा यक्ष. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर छोटासा लेख कोरलेला आहे. त्याचा अर्थ असा, की ही मूर्ती कान्हदास नावाच्या सोनाराने केली.

मी हे आबांना सांगितले. आबा विचारात पडले. म्हणाले, "सोनार होता ना? मग दगडाला कशाला लागला?" थोड्या वेळाने तेच म्हणाले, "सोनं असतं तर कोणी तरी वितळवलं असतं. बरं झालं."

घरी परतल्यावर मी थाळनेरला पोस्टकार्ड पाठवले. 'तू कारागिराचे नाव विचारले होतेस. थाळनेरचे मला माहीत नाही. पण पितळखोऱ्याच्या एका कारागिराचे नाव कान्हदास होते.' पंधरा दिवसांनी उत्तर आले. एका बाजूला उर्दूत आणि दुसऱ्या बाजूला मराठीत लिहिले होते. तिने वर्गात ते पोस्टकार्ड वाचून दाखवले होते आणि आता वर्गातल्या मुली कबरींवरच्या प्रत्येक दगडावर नाव शोधत होत्या. चाचांनी सलाम सांगितला होता आणि भरिताला पुन्हा या, असा निरोप होता.

सातपुड्याची गोष्ट निराळी आहे. तिथे इतिहासापेक्षा जंगल मोठे आहे. रावेर-यावलच्या बाजूला पायथ्याशी तडवी भिल्लांची गावे आहेत. हे लोक मुसलमान आहेत आणि जंगलाची त्यांना सखोल माहिती असते. पालच्या जंगलात मला एका तडवी तरुणाने पाऊलखुणांवरून रानडुक्कर कधी गेले ते सांगितले होते. पश्चिमेकडे चोपडा तालुक्यात पावरा लोकांचे पाडे आहेत. अडावदजवळ उनपदेव नावाचे ठिकाण आहे. तिथे जमिनीतून गरम पाणी येते आणि दगडी गोमुखातून कुंडात पडते. हिवाळ्यात पहाटे तिथे आंघोळ करावी. बाहेर दात वाजत असतात आणि पाण्यातून उठवत नाही.

उनपदेवलाच मला एक पावरा दादा भेटले. होळी जवळ आली होती. पळस फुलला होता. मला भोंगऱ्या बाजार पाहायचा होता. होळीच्या आधी सातपुड्यात हा बाजार भरतो. पाड्यापाड्यांवरून लोक ढोल घेऊन येतात, बासऱ्या वाजवतात, नाचतात, होळीचा बाजारही करतात. दादांनी मला दोन मिनिटे निरखून पाहिले आणि विचारले, "फोटो काढता का?" मी म्हटले, "काढतो." ते म्हणाले, "आमच्या बायकांचे फोटो लोक न विचारता काढून नेतात. मग कुठे लावतात, कोणास ठाऊक. तुम्ही माझ्याबरोबर येणार, म्हणजे लोक मला विचारतील." मी कॅमेरा पिशवीत ठेवला. त्या दिवशी मी एकही फोटो काढला नाही. चांदीचे दागिने घातलेल्या बाया, कमरेला घुंगरू बांधून नाचणारे पुरुष आणि माणसाच्या उंचीचा तो ढोल, हे सगळे डोळ्यांनीच पाहिले. कॅमेरा नसला की माणूस जास्त बघतो, असे मला तेव्हा वाटले.

रात्री त्यांच्याच घरी राहिलो. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, छपराला टांगलेली मक्याची कणसे. घरात एकच खाट होती. ती त्यांनी माझ्यासाठी अंगणात टाकली आणि सगळे घर जमिनीवर झोपले. मी पुष्कळ विनवले. पण त्यांनी ऐकले नाही. सकाळी उतरताना ते पुढे आणि मी मागे. "माझ्या टाचेवर नजर ठेवा," ते म्हणाले. "मी जिथे पाय ठेवतो, तिथेच ठेवा." निघताना मी माझा पत्ता आणि फोन नंबर एका कागदावर लिहून दिला. "जळगावला आलात तर नक्की या," असे म्हणालो. असे आपण सगळेच म्हणतो.

दोन वर्षांनी एका सकाळी फोन आला. दादा जळगावच्या बसस्थानकावर उभे होते. बरोबर दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. तो मोहाच्या झाडावरून पडला होता आणि त्याचा हात कोपरातून वाकडा झाला होता. गावाकडे बांधून दिले होते, पण सूज उतरत नव्हती. जळगावला मोठ्या दवाखान्यात न्या, असे कोणी तरी सांगितले होते. दादांच्या हातात माझा तो कागद होता. घडी पडून पडून त्याचे चार तुकडे झाले होते.

मी पोहोचलो, तेव्हा ते रस्त्याच्या कडेला उभे होते. समोर सरकारी दवाखान्याकडे जाणारी रिक्षा होती. पण मधल्या रस्त्यावरून मोटारी, ट्रक, मोटारसायकली सारख्या धावत होत्या. रात्री जंगलात दिव्याशिवाय चालणारा हा माणूस तो रस्ता ओलांडू शकत नव्हता. मला पाहून म्हणाले, "तुमच्या गावात वाट कशी ओळखायची? सगळ्या भिंती सारख्याच. एक झाड नाही."

मी म्हटले, "माझ्या टाचेवर नजर ठेवा."

तो सारा दिवस आम्ही दवाखान्यात होतो. केसपेपर कुठल्या खिडकीवर काढायचा, कुठल्या रांगेत बसायचे, क्ष-किरण कुठे काढतात, औषधे कुठे मिळतात, हे शहरातल्या माणसालाही पहिल्यांदा कळत नाही. दादांना मराठी बोलता येत होते, पण फारसे वाचता येत नव्हते. दारावरच्या पाट्या त्यांच्यासाठी थाळनेरच्या अरबी अक्षरांसारख्या होत्या. डॉक्टरांनी मुलाचा हात नीट बसवला आणि प्लास्टर घातले. आणखी उशीर झाला असता तर हात कायमचा वाकडा राहिला असता, असे ते म्हणाले. मुलगा रडला नाही. फक्त बापाचे धोतर घट्ट धरून बसला.

दुसऱ्या दिवशी त्यांची चोपड्याची बस संध्याकाळी होती. घरी जेवणे झाली. मी मुलाला विचारले, "जळगावात तुला काय पाहायचे आहे?" तो लाजला. मग हळूच म्हणाला, "आगगाडी." त्याने ती कधी पाहिली नव्हती. दादांनी पाहिली होती, पण लांबून.

आम्ही स्टेशनवर गेलो. तीन प्लॅटफॉर्म तिकिटे काढली आणि एका बाकावर बसलो. जळगावला रुळांचे दोन फाटे होतात. एक मुंबईकडे जातो आणि दुसरा तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे. दुसरा फाटा कुठून जातो, असे दादांनी विचारले. मी गावांची नावे सांगितली : धरणगाव, अमळनेर, नंदुरबार, नवापूर. ते म्हणाले, "आमच्या पाड्यावरची माणसं त्या बाजूला ऊसतोडीला जातात. म्हणजे ती याच रुळावरून जातात तर." मी त्यांना नवापूरच्या सुगंधी तांदळाची आणि त्या फ्रेंच जवाहिऱ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारले, "मग त्याला जेवायला कोणी घातलं?"

तेवढ्यात घोषणा झाली आणि एक लांबलचक मालगाडी धडधडत आली. बाक हादरू लागला. मुलगा उठून उभा राहिला आणि प्लास्टरचा हात छातीशी धरून मोठ्याने डबे मोजू लागला. दादाही ओठ हलवत मोजत होते. गाडी गेली, तेव्हा मुलगा म्हणाला, "अठ्ठावन्न." दादा म्हणाले, "एकोणसाठ." दोघांनी निकालासाठी माझ्याकडे पाहिले. मी मोजलेच नव्हते. बसस्थानकापर्यंत त्यांचा वाद चालू होता.